स्कूटरचा व्हेरिएटर आणि क्लच : रोलर बदलण्याआधी काय तपासावे?

घाटवाट :

"गाडी चढाला ओढत नाही, हलके रोलर टाकू का?" हा प्रश्न या विभागात वारंवार येतो आणि त्याला बहुतेक वेळा "एक ग्रॅम कमी टाका" असे एका ओळीचे उत्तर मिळते. ते उत्तर चुकीचेच असते असे नाही. पण ज्या गाडीचा बेल्ट झिजून अरुंद झाला आहे आणि रोलर एका बाजूने चपटे झाले आहेत, त्या गाडीला वजनाचा हिशेब लागूच होत नाही, आणि हलके रोलर टाकल्यावर जो फरक जाणवतो तो बहुधा वजनाचा नसून नवेपणाचा असतो. म्हणून हा विषय एकदा मुळापासून लिहावा असे वाटले. माझा भर ११० ते १२५ सीसीच्या नेहमीच्या स्कूटरींवर आहे.

डाव्या बाजूचे किकचे कव्हर उघडले की समोर दोन पुल्या आणि त्यांना जोडणारा रबरी बेल्ट दिसतो. पुढची पुली, म्हणजेच व्हेरिएटर, क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावर बसते. तिची बाहेरची पाकळी स्थिर असते आणि तिच्यावर पंख्यासारखी पाती असतात. आतली पाकळी बॉसवर, म्हणजे मधल्या धातूच्या नळीवर, मागेपुढे सरकते. या सरकत्या पाकळीच्या पाठीमागे उतरत्या खाचा असतात, त्यांत बहुतेक गाड्यांत सहा रोलर ठेवलेले असतात, आणि त्यांच्या मागे रॅम्प प्लेट असते. इंजिनच्या फेऱ्या वाढल्या की रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, रॅम्प प्लेट त्यांना मागे जाऊ देत नाही, त्यामुळे सरकती पाकळी पुढे ढकलली जाते आणि बेल्ट पुलीच्या काठाकडे चढतो. बेल्टची लांबी ठरलेली असल्याने मागच्या पुलीत तो तितकाच खोल उतरतो आणि तिची पाकळी मोठ्या स्प्रिंगला दाबत उघडते. गिअरचे दात कुठेही न बदलता गुणोत्तर असे सलग बदलत जाते.

मागच्या पुलीतला एक भाग मात्र बहुतेक चर्चांत सुटतो, तो म्हणजे टॉर्क कॅम. मागच्या सरकत्या पाकळीच्या नळीला तिरक्या खाचा असतात आणि त्यांत पिना असतात. चढ लागून मागच्या चाकावरचा भार वाढला की या तिरक्या खाचांमुळे पाकळी फिरता फिरता बंद होऊ पाहते, बेल्टला बाहेर ढकलते, आणि गाडी आपोआप खालच्या गुणोत्तरात येते. पिना झिजल्या किंवा तिथले ग्रीस वाळून घट्ट झाले, तर गाडी सपाटीवर उत्तम पळते, पण चढ लागताच मरगळते, आणि दोष नाहक रोलरच्या माथी येतो.

आता वजनाचे गणित. रोलरचा बाहेर जाण्याचा जोर त्याच्या वजनाच्या प्रमाणात आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वजन १० टक्क्यांनी कमी केले, तर तोच जोर निर्माण होण्यासाठी इंजिनला साधारण ५ टक्के जास्त फिरावे लागते. म्हणजे जी गाडी ७,००० आरपीएमवर (मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर) गुणोत्तर बदलत होती ती आता ७,४००च्या जवळ बदलेल. आपल्याकडच्या ११० सीसी स्कूटरींची कमाल शक्ती साधारण ७,५०० ते ८,००० आरपीएमच्या दरम्यान आणि कमाल टॉर्क ५,५००च्या आसपास मिळतो. कंपनी अॅव्हरेज, आवाज आणि इंजिनचे आयुष्य यांचा विचार करून मधली जागा निवडते. हलक्या रोलरने गाडी शक्तीच्या शिखराच्या जवळ राहते, म्हणून पिकअप आणि चढ सुधारतो. पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरते, पेट्रोल जास्त लागते आणि बेल्ट जास्त तापतो. शिखराच्याही पलीकडे वजन कमी केले, तर आवाज तेवढा वाढतो आणि गाडी उलट मंदावते. जड रोलरने याच्या विरुद्ध घडते.

म्हणून माझा आग्रह असा आहे की आधी गाडी मूळ मापांवर आणावी. टायरची हवा, ब्रेक घासत आहेत का आणि एअर फिल्टर या गोष्टी कव्हर उघडण्याआधीच पाहाव्यात, कारण तक्रार तीच असते आणि खर्च काहीच नसतो. नंतर व्हर्निअरने बेल्टची रुंदी मोजावी आणि आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावी. बहुतेक कंपन्या २० ते २४ हजार किलोमीटरच्या दरम्यान बेल्ट बदलायला सांगतात, पण किलोमीटरपेक्षा मोजलेली रुंदी महत्त्वाची, कारण रोज डबलसीट घाट चढणाऱ्या गाडीचा बेल्ट त्याआधीच संपू शकतो. अरुंद बेल्ट पुढच्या पुलीत पूर्ण वर चढत नाही, त्यामुळे टॉप स्पीड जातो. मागच्या पुलीत तो काठाऐवजी थोडा आत बसतो, त्यामुळे सुरुवातीची ओढही कमी होते. दात्यांच्या मुळाशी बेल्ट वाकवून बारीक भेगा पाहाव्यात. बेल्टवर बाण असेल, तर तो चाकाच्या फिरण्याच्या दिशेनेच ठेवावा.

रोलर हातात घेऊन बोटांत फिरवावेत. चांगला रोलर सर्वत्र गोल लागतो. झिजलेल्या रोलरला नखाला जाणवेल अशी सपाट पट्टी असते. सहांपैकी एखाद्यालाच पट्टी पडली असली तरी सहाही बदलावेत, आणि जुन्या रोलरमुळे खाचांत खड्डे पडले आहेत का तेही पाहावे, कारण तशा खाचेत नवे रोलरही लवकर खराब होतात. रॅम्प प्लेटच्या तीन टोकांवरचे प्लास्टिकचे स्लायडर झिजले, तर उभ्या गाडीतून खडखड ऐकू येते; ते स्वस्त असतात आणि रोलरबरोबरच बदलावेत.


पानाहातोडी :

उत्तम धागा. माझे गॅरेज असल्याने बसवण्याच्या कामातल्या दोन गोष्टी जोडतो, कारण घरी केलेले काम बिघडून आमच्याकडे येते ते बहुधा याच दोन ठिकाणी बिघडलेले असते.

पहिली गोष्ट बेल्टची. पुढची पुली बसवण्याआधी मागची पुली दोन्ही हातांनी उघडून बेल्ट तिच्यात खोल दाबावा लागतो, म्हणजे पुढच्या बाजूला तो सैल पडतो आणि पुलीच्या तळाशी, बॉसला लागून बसतो. हे न करता बाहेरची पाकळी लावून नट आवळला, तर बेल्टची कड बॉस आणि पाकळीच्या मध्ये चिमटते. पान्याला नट घट्ट लागतो, टॉर्क रेंचसुद्धा 'झाले' म्हणते, पण खरा दाब बॉसवर न येता रबरावर आलेला असतो. गाडी सुरू झाली की बेल्ट वर सरकतो, मधली जागा मोकळी होते, नट ढिला पडतो आणि पाकळी क्रँकच्या टोकावरचे दाते खाऊ लागते. यात पाकळी बदलून भागले तर नशीब. क्रँकचे दाते गेले, तर सगळे इंजिन उघडावे लागते. म्हणून नट आवळल्यावर पुली हाताने फिरवून बेल्ट मोकळेपणाने सरकतो का ते पाहावे, आणि मगच कव्हर लावावे.

दुसरी गोष्ट रॅम्प प्लेटची. रोलर भरल्यावर प्लेट आणि पुली एका मुठीत घट्ट धरूनच शाफ्टवर चढवावी. प्लेट जराशी मागे सरकली, की एखादा रोलर आपल्या खाचेतून निसटतो आणि आडवा अडकतो. मग गाडी चालते, पण विचित्र चालते, आणि काही दिवसांत पुलीला तडा जातो. रोलरवर एका बाजूला प्लास्टिकची कड पूर्ण बंद आणि दुसऱ्या बाजूला पितळ उघडे दिसत असेल, तर कोणती बाजू कुठे यायची ते मॅन्युअलमध्ये पाहूनच भरावेत.

पाकळीच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवून नट सोडू नका. पाती मोडतात, आणि तीच पाती बेल्टला हवा देतात. पुली होल्डर फारसा महाग नसतो.


तांबडीमाती :

आमच्याकडे कुडाळच्या बाजूला उन्हाळ्यात तांबडी धूळ आणि पावसाळ्यात पाणी या दोन्ही गोष्टी भरपूर आहेत. पावसाळ्यात सकाळी गाडी सुटताना थरथरते, नंतर ठीक होते. मेकॅनिक क्लच शू बदला म्हणतात. खरोखर बदलावेत का? शिवाय व्हाळाचे पाणी रस्त्यावर आले असताना गाडी पाण्यातून काढली, तर पुढे इंजिन नुसतेच ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही, तेव्हा काय करावे?


घाटवाट :

सकाळची थरथर दोन-चार वेळा गाडी सुटल्यावर थांबत असेल, तर ती क्लचच्या डब्याच्या (मागच्या पुलीबाहेरची गोल वाटी, जिला क्लचचे शू आतून धरतात) आतल्या पृष्ठभागावर रात्रभरात साचलेल्या ओलाव्याची आणि गंजाच्या पातळ थराची असते. त्यासाठी शू बदलण्याची गरज नाही. गाडी गरम झाल्यावरही थरथर राहिली, तर मात्र मागचा डबा उतरवून पाहावे. शूच्या अस्तरावर काचेसारखी चकाकी आली असेल, तर ती खरखरीत पॉलिश पेपरने हलकेच काढावी आणि डब्याची आतली बाजूही तशीच तिरप्या रेघा पडतील अशी घासावी. शू ज्या पिनांवर हलतात त्या कोरड्या पडून अडकत असतील, तर तिन्ही शू एकाच वेळी उघडत नाहीत आणि त्यानेही गाडी हिसका देते. तिथे ग्रीसचा नुसता हात फिरवावा, थेंबही अस्तरावर जाऊ देऊ नये. डबा निळा पडला असेल, तर क्लच बराच काळ घसरत चालवला गेला आहे असे समजावे आणि डब्याचा आतला व्यास मोजावा. अस्तराची भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसून घ्या.

पाण्याचे म्हणाल, तर ओला बेल्ट आणि ओला क्लच दोन्ही घसरतात. अशा वेळी थ्रॉटल पिरगळत राहिले, की बेल्ट एकाच जागी घासून जळतो. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, मागचे चाक मोकळे ठेवून हलक्या थ्रॉटलवर फिरू द्यावी. पंख्याच्या हवेने आणि फिरण्याच्या उष्णतेने आतला भाग वाळतो. पाणी या कव्हरला थंड हवा देणाऱ्या नळीच्या तोंडाच्या वर गेले असेल, तर मात्र घरी आल्यावर कव्हर उघडून पुसणे भागच आहे, कारण पाण्याबरोबर चिखलही आत गेलेला असतो. काही मॉडेलमध्ये त्या नळीत फोमचा छोटा फिल्टर असतो. तुमच्या भागात तो दर सर्व्हिसिंगला पाहायला सांगा. तो तांबड्या धुळीने बुजला, की बेल्टला थंड हवा मिळत नाही आणि धडधाकट बेल्टसुद्धा उष्णतेने कडक होतो.


जुनीगाडी :

रोलरला ग्रीस लावावे की नाही, यावर इथे कोणीच बोलले नाही. आमच्या कायनेटिक होंडाला मेकॅनिक ग्रीस भरत असत आणि ती गाडी वर्षानुवर्षे चालली.


पानाहातोडी :

काका, १९८४ साली सुरू झालेल्या कायनेटिक आणि होंडाच्या भागीदारीतून ती गाडी आली आणि गिअर नसलेली स्कूटर म्हणजे काय ते आपल्याकडे बहुतेकांना तिच्यामुळेच कळले, त्यामुळे तिच्या सवयी आजच्या गाड्यांना लावण्याचा मोह होतो. ज्या रचनेत रोलरच्या खोलीला झाकण आणि रबरी रिंग असते, तिथे ठरलेल्या प्रकारचे ग्रीस ठरलेल्या प्रमाणात भरता येते, कारण ते बाहेर येत नाही. आजच्या बहुतेक स्कूटरींत ती खोली उघडी असते आणि रोलरचे प्लास्टिक कोरडे चालण्यासाठीच बनवलेले असते. तिथे ग्रीस भरले, तर धूळ चिकटून त्याची लापशी होते, रोलर लोळण्याऐवजी घसटतात, आणि उडालेले ग्रीस बेल्टवर जाते.

ग्रीस लागते ते मागच्या पुलीत, टॉर्क कॅमच्या खाचांत आणि पिनांना. तेही उष्णता सोसणारे, थोडेच, आणि दोन्ही ऑइल सील व ओ-रिंग नव्या घालून. मागचा भाग स्वतः उघडणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. मधला मोठा नट दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो. दाबयंत्र न लावता तो सोडला, तर स्प्रिंग आणि क्लच तोंडावर उडू शकतो. हे काम एकट्याने आणि घाईत करू नये.


यंत्रवेडी :

घाटवाट यांनी मोजण्याचा आग्रह धरला, म्हणून मोजण्याची एक साधी पद्धत सांगते. पुढच्या पुलीची पाकळी ब्रेक क्लीनरने पुसून कोरडी करावी आणि मध्यापासून काठापर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढावी. कव्हर लावून मोकळ्या रस्त्यावर, कायद्याच्या वेगमर्यादेत राहून, गाडी तिच्या नेहमीच्या वरच्या वेगापर्यंत न्यावी आणि परत उघडून पाहावे. जिथपर्यंत बेल्ट चढला तिथपर्यंतची शाई पुसलेली असते. काठाशी रुंद पट्टी शाबूत राहिली असेल, तर बेल्ट पूर्ण चढत नाही. त्याचे कारण अरुंद बेल्ट, चपटे रोलर, खराब बॉस किंवा फार कडक स्प्रिंग यांपैकी एक असू शकते. शाई काठाजवळपर्यंत पुसली गेली असेल आणि तरीही वेग कमी वाटत असेल, तर दोष व्हेरिएटरमध्ये नाही, इंजिनकडे पाहावे.

वजन ठरवताना कानावर विसंबू नये. स्कूटरींना सहसा आरपीएमचा काटा नसतो, पण प्लगच्या वायरीला गुंडाळून आकडा दाखवणारे छोटे मीटर मिळतात. एकाच चढावर, तेवढ्याच वजनानिशी, पूर्ण थ्रॉटलवर आकडा कुठे स्थिरावतो ते पाहावे. तो शक्तीच्या शिखराच्या बराच खाली असेल, तर वजन कमी करण्यात अर्थ आहे. एका वेळी प्रत्येक रोलरमागे अर्धा ते एक ग्रॅमच बदलावा. मधले वजन हवे असेल, तर तीन जड आणि तीन हलके एकाआड एक बसवता येतात. जड सगळे एका बाजूला आले, तर पुलीचा तोल जातो. रोलरचा व्यास आणि रुंदी मात्र मूळचीच हवी. १६, १८ आणि २० मिलिमीटर व्यासाचे रोलर बाजारात शेजारी शेजारी ठेवलेले असतात, आणि दुकानदाराच्या अंदाजावर ते घेऊ नयेत.


पसरणीकर :

आमचे वाई ते पाचगणी असे जाणे-येणे असते, बहुतेक वेळा डबलसीट. चढाचे समजले, पण उतरताना मध्येच गाडी एकदम मोकळी सुटल्यासारखी होते आणि ब्रेकवर सगळा भार येतो. हा क्लचचा दोष आहे का?


घाटवाट :

दोष नाही, ही रचनाच तशी आहे. पण घाटात राहणाऱ्या प्रत्येक स्कूटरस्वाराला ती माहीत असायला हवी. क्लचचे शू फक्त फेऱ्यांच्या जोराने डब्याला धरतात. थ्रॉटल पूर्ण बंद करून वेग कमी होत गेला, की फेऱ्या एका मर्यादेखाली येतात, शूच्या छोट्या स्प्रिंगा त्यांना आत ओढतात आणि इंजिन चाकापासून सुटते. त्यानंतर उतारावर वेग वाढला तरी इंजिन पुन्हा आपोआप जोडले जात नाही, कारण ते आपल्या आयडलिंगवर निवांत फिरत असते. अशा वेळी क्षणभर हलका थ्रॉटल द्यावा. शू पुन्हा धरतात, आणि थ्रॉटल सोडल्यावर इंजिनचा अटकाव मिळू लागतो. तो मोटारसायकलच्या दुसऱ्या गिअरइतका नसतो, पण लांब उतारावर ब्रेक तापू न देण्याइतका उपयोगी असतो. इंजिन बंद करून उतरणे सर्वांत वाईट.

चढावर थांबलात, तर गाडी ब्रेकवर धरा. थ्रॉटलवर तोलून धरली, की डबा फिरत नसतो आणि शू त्यावर घासत राहतात. निळे पडलेले बहुतेक डबे अशानेच निळे पडतात.

तुमच्या वापरासाठी विचाराल, तर नवा बेल्ट, मूळ वजनाचे नवे रोलर आणि टॉर्क कॅमची सफाई एवढे आधी करून पाहा. त्यानंतरही पूर्ण थ्रॉटलला गाडी कण्हत चढत असेल, तर वजन सुमारे ५ ते १० टक्क्यांनी उतरवा, त्याहून जास्त नको.


बारामतीवासी :

माझ्याकडे आमच्याच गावच्या कारखान्यात बनलेली एप्रिलिया एसआर १५० आहे. मित्रांनी सांगितले की रोलरबरोबर मागची मोठी स्प्रिंगही कडक टाक आणि क्लचच्या तीन स्प्रिंगाही. तिन्ही गोष्टी एकदम कराव्यात का?


यंत्रवेडी :

एकदम करू नयेत, कारण मग कोणत्या बदलाने काय झाले ते कळणारच नाही. मोठी स्प्रिंग कडक केली, की बेल्ट उशिरा चढतो आणि थ्रॉटल पुन्हा उघडल्यावर गाडी लवकर खालच्या गुणोत्तरात येते. पण बेल्टवरचा दाब कायमचा वाढतो, उष्णता वाढते, आणि ती फारच कडक असेल तर बेल्ट वरपर्यंत पोहोचतच नाही. बेल्ट घसरत नसेल आणि वळणातून बाहेर पडताना गाडी आळसावत नसेल, तर मूळची स्प्रिंग पुरेशी आहे. ती थकली आहे का, हे तिची मोकळी लांबी मोजून मॅन्युअलशी ताडल्यावर कळते.

क्लचच्या छोट्या स्प्रिंगा कडक केल्याने क्लच जास्त फेऱ्यांवर धरतो. सिग्नलवरून झेप घेताना बरे वाटते, पण शहराच्या गर्दीत तोच क्लच दर दहा पावलांवर जास्त घसरून धरेल आणि लवकर संपेल. रोजच्या गाडीला मी त्या बदलणार नाही.


पानाहातोडी :

सहमत. आणि जे काही बदलाल त्याचे मूळ भाग पिशवीत नाव लिहून जपून ठेवा, वॉरंटी शिल्लक असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. नवा बेल्ट घातल्यावर सुरुवातीला गाडी जरा सांभाळून चालवा, पहिल्या काही दिवसांत बेल्टची कड पुल्यांना जुळवून घेते. पुल्यांच्या पाकळ्या बसवण्याआधी स्वच्छ कोऱ्या फडक्याने पुसा आणि मग तिथे बोट लावू नका. बोटाला लागलेले ग्रीससुद्धा बेल्टला पुरते.